नाकाची विद्या, हाताची शागिर्दी

मराठीत नाक हा केवळ एक अवयव नाही. ते कापले जाते, वर राहते, घासावे लागते. प्रसंगी मुठीत धरून शरणही जावे लागते. रूप आणि अब्रू या दोन गोष्टी आमच्या भाषेने एकाच जागी ठेवल्या आहेत. त्यामुळे रूप दुरुस्त करणे हे वैद्याचे काम की प्रसाधनाचे, या प्रश्नाचे उत्तर वरवर दिसते तितके सोपे नाही.

हा प्रश्न आज नव्याने पुढे आला आहे. तालुक्याच्या गावातही ताप-खोकल्याची औषधे देणाऱ्या डॉक्टरांच्या पाटीवर लेसर, पील, बोटॉक्स, फिलर, केशरोपण असे शब्द दिसू लागले आहेत. ही कामे शिकवणारे शनिवार-रविवारचे वर्ग भरतात, शेवटी प्रमाणपत्र मिळते आणि सोमवारपासून दवाखान्यात नवे दालन उघडते. यावर नाक मुरडणे सोपे आहे. परंतु आम्ही पेशाने शिक्षक. आमचे कुतूहल थोडे निराळे आहे. रूप सुधारण्याची ही विद्या आजवर कोणी कोणाला दिली, कशी दिली, आणि देताना नेमके काय दिले? या प्रश्नाचा माग काढू लागलो की वाट पुण्यावरून जाते.

आरंभ अर्थातच सुश्रुताचा. इसवी सनाच्या आगेमागच्या शतकांत घडत गेलेल्या या संहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कानाचा आहे. दागिन्यांसाठी कान टोचावा कसा, पाळी वाढवावी कशी आणि फाटली तर सांधावी कशी, याचे विवेचन तेथे आहे. सांधण्याचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. अध्यायाच्या अखेरीस तुटलेल्या नाकाचा विधी येतो. झाडाच्या पानाने नाकाचे माप घ्यावे, त्या मापाची त्वचा गालावरून उचलावी, नाकाच्या जागी बसवावी आणि श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात. चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपचार मोजताना व्रणाची जागा काळी करणे, पांढरी करणे, तेथे केस उगवणे आणि केस काढणे यांचाही समावेश केला आहे. म्हणजे आज ज्याला आपण ‘कॉस्मेटिक’ म्हणून बाजूला काढतो, ते सुश्रुताने जखमेच्या उपचाराचाच शेवटचा टप्पा मानले होते. जखम भरली तरी माणूस पूर्वीसारखा दिसत नसेल, तर वैद्याचे काम संपलेले नाही.

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अध्याय नववा. ‘योग्या’ म्हणजे सराव, हा त्याचा विषय. शास्त्र सगळे पाठ असले तरी ज्याने हात चालवलेला नाही तो कामाला अयोग्य, असे तेथे बजावले आहे. कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर छेद घ्यावा. कमळाच्या देठावर वेध करावा. कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर शिवण शिकावी. कापडाच्या पुतळ्यावर पट्ट्या बांधाव्यात. कानाची पाळी सांधण्याचा सराव कशावर करावा, तर मऊ मांसखंडावर आणि कमळाच्या नाळेवर. रूपाच्या शस्त्रक्रियेसाठी लिहिलेला इतका जुना पाठ्यक्रम जगात क्वचितच असेल.

पुढे मात्र या विद्येची फाळणी झाली. ग्रंथ वैद्याकडे राहिला आणि हात दुसरीकडेच गेला. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झालेले एक पत्र याची साक्ष देते. कावसजी नावाचा एक बैलहाक्या 1792 च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने होता. तो टिपूच्या हाती लागला; त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया डोळ्यांनी पाहिली होती आणि पत्रात तिचे पायरीपायरीने वर्णन आहे. मेणाचे नाक घडवून ते सपाट करायचे, कपाळावर ठेवून भोवती रेघ काढायची, त्या रेघेवरून त्वचा सोडवायची. पण दोन भुवयांच्या मधोमध तिचा एक देठ तसाच राखायचा. ती त्वचा देठावर वळवून खाली आणायची आणि खाचेत बसवायची. वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, काही दिवसांनी तूप. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक जागेवर रुजल्यानंतर, तो देठ कापायचा.

त्या वेळी पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. अशा रीतीने रुग्णाचे नाव, चित्रकाराचे नाव, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे इतिहासात राहिली. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र पत्रात नाही. त्याची फक्त जात आहे. त्याला सुश्रुत ठाऊक होता की नाही हे सांगता येत नाही, आणि त्याचे तंत्र ग्रंथातल्यापेक्षा वेगळेही होते. गालाच्या जागी कपाळ आले होते. पण भुवयांमधला देठ राखायचा आणि तो कापण्याची घाई करायची नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. ही माहिती वाचून येत नाही. देठ लवकर कापला तर कातडी काळी पडते, हे कोणीतरी कधीतरी पाहिलेले असते आणि शेजारी बसलेल्या मुलाला दाखवलेले असते.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या शल्यविशारदाने हा वृत्तांत मनावर घेतला. हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे चौकशी केली, मृतदेहांवर हात बसवला आणि 1814 मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली. तिचे पुस्तक 1816 मध्ये आले. पत्र छापून येणे आणि इंग्लंडात पहिले नाक होणे यांमध्ये वीस वर्षे गेली. पुढे युरोपात या पद्धतीला ‘भारतीय पद्धत’ असेच नाव पडले.

आतापर्यंतची सगळी नाके तुटलेली होती. शाबूत नाकाला हात लावण्याची वेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली आणि वादही तेव्हाच पेटला. 1896 मध्ये बर्लिनमध्ये जाक जोसेफ या तरुण डॉक्टराने एका मुलाचे बाहेर आलेले कान मागे बसवले. पोरे चिडवतात म्हणून मुलगा शाळेत जात नव्हता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि जोसेफची नोकरी गेली. रोग नसताना सुरी चालवली, हा आक्षेप होता. दोनच वर्षांनी त्याने एका तरुणाचे मोठे नाक लहान केले आणि बर्लिनच्या वैद्यकीय सभेपुढे मांडणी केली, की रूपामुळे माणूस समाजाला तोंड दाखवू शकत नसेल तर ते दुःख खरे आहे आणि ते दूर करणे हे डॉक्टरचे काम आहे. जोसेफ स्वतः ज्यू होता. ज्या शहरात नाकावरून वंश ओळखला जाई आणि त्यावरून माणसाची किंमत ठरे, तेथे नाक बदलून घेणे ही नुसती हौस नव्हती. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेले सैनिक येऊ लागले, तेव्हा त्याच जोसेफला बर्लिनच्या शारिते रुग्णालयात मानाने विभाग देण्यात आला. हात तोच, सुरी तीच. निमित्त बदलले म्हणून प्रतिष्ठा मिळाली.

जोसेफकडे शिकायला अमेरिकेतूनही डॉक्टर येत. पुढे अमेरिकेत 1937 मध्ये प्लास्टिक सर्जरीचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि या विद्येभोवती कुंपण पडले. 1940 च्या दशकात सॅम्युअल फोमॉन या शरीररचनेच्या शिक्षकाने ते ओलांडले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसाठी त्याने नाकाच्या शस्त्रक्रियेचे अल्पमुदतीचे वर्ग सुरू केले. प्लास्टिक सर्जन मंडळींना ते रुचले नाही. परंतु याच वर्गांतून आणि त्यांच्या शिष्यशाखांतून चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची एक सबंध उपशाखा उभी राहिली. म्हणजे ‘मुदत थोडी म्हणून शिक्षण खोटे’ असे सरसकट म्हणता येत नाही. फोमॉनकडे येणारे डॉक्टर नाकाच्या आत वर्षानुवर्षे काम करत आलेले होते. त्याने त्यांना त्याच घरातील एक बंद खोली उघडून दिली.

याच मुद्द्याची दुसरी बाजू मुंबईत दिसते. डॉ. नोशिर अंतिया इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकले. पहिल्या महायुद्धात सिडकपच्या रुग्णालयात सैनिकांचे चेहरे घडवणारे ते हेच गिलीज. परतल्यावर अंतियांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांवर काम केले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. कुष्ठरोगात नाक आतून खचते. बाहेरची त्वचा बहुधा शाबूत असते. जंतू मेले, रोग बरा झाला, तरी खचलेले नाक माणसाला घरी परतू देत नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत ‘हे केवळ दिसण्याचे काम’ असे कोण म्हणेल? आणि हेच अंतिया सत्तरच्या दशकात अलिबागजवळच्या मांडव्यात गेले. तेथे त्यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले आणि डॉक्टरकीचा बराचसा भाग सामान्य माणूस शिकू शकतो, हे आयुष्यभर मांडले. मांडव्याच्या त्या बायकांचे शिक्षणही मोठ्या मुदतीचे नव्हते. पण त्या ज्यांच्यावर उपचार करणार होत्या त्यांच्याच शेजारी राहणार होत्या. चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटणार होती.

सुरीच्या जागी सुई आली आणि चित्र पालटले. बोट्युलिनम हे मुळात खराब झालेल्या सॉसेजमधील विष. त्याचे नावही सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने त्याचा तिरळेपणावर उपयोग केला आणि 1989 मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरमधील जीन कॅरुदर्स या नेत्रतज्ज्ञ आणि त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. पापण्यांच्या आकड्यांसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाच्या कपाळावरील आठ्याही नाहीशा होतात, हे जीनबाईंच्या ध्यानात आले. दोघांचा निबंध 1992 चा; आठ्यांसाठीची अमेरिकी मान्यता 2002 ची. आता रक्त नाही, भूल नाही, खाट नाही. जी विद्या वर्षांत मोजली जाई ती तासांत मोजता येऊ लागली. शिवाय या उपचाराचे पैसे विमा कंपनी नव्हे, रुग्ण स्वतः मोजतो. सामान्य डॉक्टरला हे आकर्षक वाटले यात नवल नाही. आणि शिकवण्याचे कामही बऱ्याच अंशी औषध विकणाऱ्यांकडे गेले.

येथे भुवयांमधल्या त्या देठाकडे पुन्हा पाहावे लागते. पुण्याजवळच्या त्या कारागिराने राखलेली कातडीची ती चिंचोळी पट्टी आज शरीरशास्त्र नेमकी ओळखते. तेथून वर कपाळाकडे एक बारीक धमनी जाते आणि तिच्या रक्तावर नवे नाक जगते. ही धमनी डोळ्याच्या धमनीचीच शाखा आहे. सुरकुती भरण्यासाठी त्याच जागी टोचलेले फिलर चुकून तिच्यात शिरले, तर ते दाबाने उलटे मागे जाऊन डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तोडू शकते. दृष्टी जाते आणि बहुधा परत येत नाही. असे प्रकार विरळा असले तरी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. सुई टोचायला दोन दिवसांत शिकवता येते. कोठे टोचू नये, टोचल्यावर त्वचा फिकी पडली तर पुढच्या काही मिनिटांत काय करावे, आणि आलेल्या माणसाला ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे केव्हा सांगावे, हे दोन दिवसांत मावत नाही.

राज्यकर्त्यांनाही हे उशिरा का होईना उमगले आहे. ब्रिटनमध्ये 2013 मध्ये सर ब्रूस किओ यांच्या समितीने सांगितले, की सुईचे सौंदर्योपचार घेणाऱ्याला साधे बॉलपेन विकत घेणाऱ्याहून अधिक संरक्षण नाही. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये केशरोपणासह सौंदर्यशस्त्रक्रियांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत वा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत लिहावे लागले. कमळाची नाळ हाती घेतल्याशिवाय कानाला हात लावू नये म्हणणाऱ्या ग्रंथाच्या देशात हे परिपत्रकाने सांगण्याची वेळ यावी, हे खेदाचे आहे.

डॉक्टरांनी सौंदर्योपचार करू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. शाळेत न जाणारा बर्लिनचा तो मुलगा, कोंढव्याचे कुष्ठरुग्ण, कावसजी यांच्यापैकी कोणालाही ‘हे वैद्याचे काम नव्हे’ असे म्हणून परत पाठवणे अन्यायाचे ठरले असते. आज दवाखान्याची पायरी चढणाऱ्या मुलीचे दुःख खरे की जाहिरातीने पेरलेले, हे ओळखण्यासाठीही डॉक्टरच हवा. पण तो ओळखणारा हवा. नुसता टोचणारा नको. म्हणून प्रमाणपत्राच्या चौकटीकडे पाहताना किती दिवस शिकलात एवढेच विचारू नये. कोणाच्या शेजारी उभे राहून शिकलात, बिघडलेले काम कधी पाहिले का, आणि पंचविसाव्या दिवशी रुग्णाला पाहायला तुम्हीच असणार का, हेही विचारावे. पुण्याजवळच्या त्या अनाम माणसाकडे प्रमाणपत्र नव्हते; या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे असावीत, असे कावसजीच्या चित्रातले ते नाक सांगते.