खंडणी कोणाला दिली?

मराठी बायबलमधला एक शब्द वाचून मी थबकलो होतो. मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू आपण कशासाठी जीव देणार आहोत हे शिष्यांना सांगतो. तिथे शब्द येतो ‘खंडणी’. खंडणी म्हटलं की आपल्याला अपहरण आठवतं, धमकीचे फोन आठवतात. मूळ ग्रीक शब्द आहे ‘ल्यूट्रॉन’. गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवण्यासाठी मोजलेली किंमत, असा त्याचा अर्थ. म्हणजे मराठी भाषांतर चुकलेलं नाही, उलट फारच नेमकं आहे.

पण खंडणी म्हटली की पुढचा प्रश्न आपोआप येतो : ती दिली कोणाला? देवाला? सैतानाला? आणि जो सर्वशक्तिमान आहे त्याला माफ करायला कोणाचं रक्त कशाला लागावं?

मी चर्चला जाणारा माणूस नाही. ‘येशू तुमच्या पापांसाठी मेला’ हे वाक्य मी भिंतींवर, रिक्षांच्या मागे, पत्रकांवर वाचत आलो. ते इतकं सरावाचं झालं होतं की ते विचित्र आहे हेच जाणवत नव्हतं. वाचत गेलो तेव्हा कळलं की खुद्द ख्रिस्ती विचारवंत या वाक्यावर जवळपास दोन हजार वर्षं भांडत आले आहेत. आणि त्या भांडणात प्रत्येक काळाची न्यायाची कल्पना स्वच्छ दिसते.

आधी क्रूस म्हणजे काय

आज क्रूस गळ्यात घालतात. पहिल्या शतकातल्या रोमन साम्राज्यात तो दहशतीचं हत्यार होता. इसवी सनपूर्व ७१मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सुमारे ६,००० गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रूसावर टांगलं गेलं. ही शिक्षा मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. रोमन नागरिकाला ती सहसा दिली जात नसे. पाँटियस पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहुदियाचा रोमन अधिकारी होता. त्याच्या हुकमाने येशूला मारलं गेलं. शुभवर्तमानं सांगतात की क्रूसावर आरोपाची पाटी होती : ‘यहुद्यांचा राजा’. आरोप सरळसरळ राजकीय होता.

इतिहासकाराच्या दृष्टीने ‘येशू का मेला?’ याचं उत्तर तेवढ्यात संपतं. धोकादायक वाटणाऱ्या माणसाला सत्तेने संपवलं. अनुयायांची अडचण मात्र तिथून सुरू झाली. ज्याला आपण देवाने पाठवलेला मुक्तिदाता मानलं, तो गुलामाच्या मरणाने मेला. हे कसं पचवायचं? रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीवर कोरलेलं जुनं चित्र सापडलं आहे. क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात उंचावलेला एक भक्त, आणि खाली अलेक्सामेनोस नावाचा कोणी आपल्या देवाची पूजा करतोय अशी टिंगल. आजच्या भाषेत मीमच.

पौलाने येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांत पत्रं लिहिली. क्रूसाची गोष्ट यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटते, हे त्याने स्वतःच मान्य केलं आहे. तिचा अर्थ सांगताना तो वेगवेगळ्या जागांवरून प्रतिमा उचलतो. मंदिरातून बलिदान, गुलामांच्या बाजारातून सुटकेची किंमत, न्यायालयातून निर्दोष ठरवणं, घरातल्या भांडणातून समेट. या सगळ्यांची मोट बांधून त्याने एकच एक सिद्धान्त केला नाही.

पुढेही कोणी केला नाही. येशू देव होता की माणूस, यावर ३२५मध्ये निकाया इथे आणि नंतर अनेकदा मोठ्या धर्मपरिषदा भरल्या, शब्दाशब्दावर वाद झाले. पण त्याच्या मरणाने माणूस वाचतो तो नेमका कसा, यावर सुरुवातीच्या सात सार्वत्रिक परिषदांपैकी एकीनेही सिद्धान्त ठरवला नाही. तो आमच्यासाठी क्रूसावर गेला, एवढंच श्रद्धासूत्रात आलं. ‘कसं’ची जागा रिकामी राहिली आणि प्रत्येक शतकाने ती आपल्या परीने भरली.

गळ आणि उंदराचा सापळा

तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनचं म्हणणं असं की खंडणी सैतानाला दिली गेली. पाप करून माणसं सैतानाच्या ताब्यात गेली होती. येशूचा जीव ही त्यांच्या सुटकेची किंमत. चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीने ही कल्पना आणखी रंगवली. येशूचं माणूसपण हे आमिष, आत दडलेलं देवपण हा गळ. सैतानाने आमिष गिळलं आणि गळाला लागला. ऑगस्टिनने त्याच अर्थाने क्रूसाला उंदराचा सापळा म्हटलं. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात पंधराव्या शतकातलं एक चित्र आहे. त्यात येशूच्या जन्माची वार्ता देवदूत देत असताना शेजारच्या खोलीत योसेफ सुतार उंदराचे सापळे बनवत बसला आहे. कलेचा इतिहासकार मेयर शापिरोने १९४५मध्ये त्याचा धागा ऑगस्टिनच्या या उपमेशी जोडला.

हे सगळं आज लोककथेसारखं वाटतं. पण युद्धकैदी आणि गुलाम रोज विकले-सोडवले जात होते, त्या समाजाला ते सहज कळत होतं.

तेव्हाही सगळ्यांना पटलं नव्हतंच. निसाच्या ग्रेगरीचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, विचारतो : त्या दरोडेखोराला एवढी मोठी किंमत मिळावी? ही तर लाजिरवाणी गोष्ट. बरं, खंडणी पित्याला दिली म्हणावं, तर पित्याने आपल्याला कुठे डांबून ठेवलं होतं? आणि अब्राहामाने स्वतःचा मुलगा अर्पण करायला घेतला तेव्हा ज्या देवाने तो न घेता त्याच्या जागी मेंढा दिला, त्याला स्वतःच्या मुलाचं रक्त कसं गोड लागेल? चौथ्या शतकातली ही शंका मला आजही ताजी वाटते.

सरंजामदार, प्रियकर, वकील

अकराव्या शतकाच्या शेवटी कॅन्टरबरीचा आर्चबिशप ॲन्सेल्म याने सैतानाला व्यवहारातून बाहेर काढलं. इंग्लंडच्या राजाशी खटके उडाल्यामुळे तो इटलीत परागंदा होता. १०९८मध्ये तिथेच त्याने ‘देव माणूस का झाला?’ हा ग्रंथ पुरा केला. त्याचा हिशेब असा : पाप म्हणजे देवाचा मान त्याला न देणं. अपमान केवढा, ते ज्याचा झाला त्याच्या दर्जावरून ठरतं. म्हणून देवाचा अपमान अमर्याद, भरपाईही अमर्याद. ती माणसाने द्यायला हवी, पण देण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही, तोच ती देऊ शकतो. तर्क घट्ट आहे. पण मान, दर्जा, भरपाई ही भाषा सरंजामी जगाची आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी : ॲन्सेल्मचा देव येशूला शिक्षा करत नाही. शिक्षा टळावी म्हणून येशू स्वखुशीने भरपाई देतो.

पुढच्याच पिढीत पॅरिसच्या पिएर अबेलारने यावर बोट ठेवलं. एलोइझवरच्या प्रेमापायी स्वतःच्या शरीराची विटंबना भोगलेला हा तत्त्वज्ञ. निरपराधाचं रक्त कोणी किंमत म्हणून मागणं क्रूर नाही का, असं तो रोमकरांस पत्राच्या भाष्यात विचारतो. शिवाय आदामाने फळ खाल्लं हे पाप एवढं मोठं, तर येशूला ठार मारणं हे केवढं! मग त्याची भरपाई कोण करणार? अबेलारचं स्वतःचं उत्तर प्रेमाचं आहे. क्रूसावर देवाचं प्रेम दिसतं, ते पाहून आपल्यात प्रेम जागं होतं, आणि तीच आपली सुटका. क्लेअरवोच्या बर्नार्डने त्याच्यावर जी टीकेची झोड उठवली, तिच्यात हा मुद्दाही होता. सेन्सच्या सभेत अबेलारच्या मतांचा निषेध झाला.

सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन आला. तो कायदा शिकलेला. त्याच्या हाती क्रूस न्यायालयात पोचला. देव न्यायाधीश, माणूस गुन्हेगार, येशू त्याची शिक्षा भोगणारा. येशू गुपचूप मारला न जाता पिलातासमोर खटला चालून दोषी ठरला, यालाही कॅल्व्हिनने अर्थ दिला. आज भिंतीवर दिसणारं वाक्य बहुतेक वेळा याच परंपरेतून आलेलं असतं.

त्याला उत्तरही कायदेपंडितांच्या घराण्यातूनच आलं. सिएनाच्या फाउस्टो सोचिनोचा ग्रंथ १५९४मध्ये छापला गेला. त्याचा सवाल साधा आहे : कर्ज फेडलं असेल तर माफी कसली? आणि माफ केलं असेल तर फेड कसली? दुसऱ्याचा दंड आपण भरू शकतो, पण दुसऱ्याची फाशी आपण घेतली तर त्याला न्याय म्हणत नाहीत.

हा पेच महाराष्ट्रात समजावून सांगावा लागत नाही. कर्जमाफी जाहीर होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने कर्ज माफ झालं. पण बँकेच्या वहीत ते फेडलेलं असतं, कारण पैसे सरकारने भरलेले असतात. मग ही माफी की फेड? सोचिनोच्या विरोधकांचं म्हणणं थोडक्यात असं मांडता येईल : इथे सावकार आणि कर्ज भरणारा एकच आहे. देवाने नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलं. खरी माफी अशीच असते. माफ करणारा काहीतरी गमावतोच. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही, पण ते हलकं नाही.

प्रायश्चित्त कोणी घ्यायचं?

मराठी बायबलमध्ये या साऱ्यासाठी दुसरा शब्द येतो ‘प्रायश्चित्त’. आपल्या धर्मशास्त्रांच्या चौकटीत ज्याने पाप केलं त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचं. इथे एकाचं पाप आणि दुसऱ्याचं प्रायश्चित्त. शब्द तोच, पण कर्ता बदलला. इंग्रजीतला ‘अटोनमेंट’ हा शब्द वेगळ्याच मुळाचा आहे : ‘ॲट वन’, म्हणजे पुन्हा एक होणं, समेट. विल्यम टिंडेलच्या सोळाव्या शतकातल्या बायबल-भाषांतराने तो रुळवला. एकाच कल्पनेला एक भाषा शुद्धीच्या बाजूने भिडते, दुसरी नात्याच्या.

‘बळीचा बकरा’चंही असंच. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन बकरे आहेत. एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला जिवंत रानात सोडतात. म्हणजे पापं वाहून नेणारा बकरा बळी दिलेला नव्हताच.

या दोन्ही बाजू एकाच मराठी आयुष्यात दिसतात. पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी स्वतः लिहिलं आहे की लंडनमधल्या फुलहॅमला जोगिणी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना मायेने वागवतात, हे पाहून त्या हलल्या. ही माया कुठून येते असं विचारल्यावर एका जोगिणीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. हा अबेलारचा रस्ता झाला : प्रेम पाहून माणूस बदलणं. बाप्तिस्म्यानंतरही चर्चचे सिद्धान्त त्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत. डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रांतून त्रैक्यावर आणि येशूच्या देवत्वावर वाद चालला. मग सुमारे आठ वर्षांनी, एका इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपली पापं त्याने वाहिली, या भरवशापर्यंत त्या तेव्हा पोचल्या. हिशेबाचा भाग नंतर आला. आधी दिसली होती माणसांची वागणूक. केडगावच्या त्यांच्या संस्थेचं नाव ‘मुक्ती’.

सिद्धान्ताचं मोल

हा वाद पुस्तकात राहिला असता तर मी इतका खोलात गेलो नसतो. येशूचं मरण ही देवाचीच योजना असं सांगत असतानाच युरोपने त्याचा दोष शतकानुशतकं यहुद्यांवर टाकला आणि त्यातून त्यांचा छळ केला. सगळ्या यहुद्यांवर हा दोष ठेवता येत नाही, हे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५मध्ये, जाहीर केलं. मुकाट सोसणं पवित्र आहे, ही शिकवण मार खाणाऱ्या बायकांना क्रूस दाखवूनच दिली गेली, असा आक्षेप १९८०च्या दशकात स्त्रीवादी धर्मपंडितांनी घेतला. आणि जेम्स कोन या कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मपंडिताने २०११च्या पुस्तकात क्रूस आणि लिंचिंगचं झाड शेजारी ठेवलं. झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांकडे पाहिल्याशिवाय अमेरिकेला क्रूस कळणार नाही, हा त्याचा मुद्दा.

कोन वाचून मला पुन्हा कापुआचा रस्ता आठवला. गळ, मान, दंड, कर्ज या सगळ्या हिशेबांत एक गोष्ट झाकली जाते : क्रूस माणसांनी उभा केला होता, सत्तेने आणि कायद्याने. त्या मरणातून सुटका आहे की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. पण ‘खंडणी कोणाला?’ या प्रश्नाला प्रत्येक काळाने दिलेलं उत्तर वाचताना मला देवापेक्षा तो काळच जास्त कळला. ज्यांनी राजा पाहिला त्यांना देव राजासारखा वाटला, ज्यांनी न्यायालय पाहिलं त्यांना न्यायाधीशासारखा. रमाबाईंनी फुलहॅमला काही बायकांना दुसऱ्या बायकांचे हात हातात घेताना पाहिलं. देवाची कल्पना कुठून तरी सुरू करायचीच असेल, तर मला ती जागा जास्त बरी वाटते.