रान, रूप आणि मंगळवेढा

मोकळ्या रानात वेळ घालवणारी माणसे स्वतःच्या शरीराकडे अधिक मायेने पाहतात, असे विरेन स्वामी यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ अलीकडे अभ्यासांतून मांडत आहेत. त्यामागचे एक कारण असे सांगतात की, रानात आरसा नसतो आणि रूप पारखणारेही नसतात. पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्याचा इतिहास या म्हणण्याला दुजोरा देतो, पण त्याला एक अटही घालतो. पारखणारे डोळे खरोखरच मागे राहायला हवेत.

पंधराव्या शतकातल्या कान्होपात्रेचेच घ्या. परंपरेप्रमाणे ती इथल्या शामा नायकिणीची लेक. तिच्या घरात रूप हेच भांडवल. नाचगाणे शिकवले जाई तेही त्याचा भाव वाढावा म्हणून. दारावरून जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर ती पंढरपूरच्या वाटेला लागली. अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. पण त्या वाटेवर पायांची किंमत ते किती चालतात यावर, आणि गळ्याची अभंगाला साथ देण्यावर. तिथे तिला रूपापासून सुटका मिळाली असे म्हणावे, तर बिदरच्या बादशहाची माणसे तिला न्यायला थेट राउळापर्यंत आली. तिने विठ्ठलाच्या पायी देह ठेवला, असे भक्तविजयात महिपती सांगतात.

याहून अवघड दाखला इथल्याच, चौदाव्या शतकातल्या संत चोखामेळ्यांचा, म्हणजे चोखोबांचा. निसर्गाचा सहवासच औषध असता, तर उन्हापावसात राबणाऱ्या या माणसाला त्याची कमतरता कधीच नव्हती. काळ्या मातीतली ज्वारी हाताने उपटणाऱ्या मजुरालाही ही कमतरता नसते, टाचा फुटेपर्यंत नसते. (रानात जाणे आणि रानात राबणे यांतला फरक शहरी लेखनात सहसा सुटतो.) चोखोबांचा देह गावाने विटाळाचा ठरवला होता आणि ती नजर शिवारातही त्यांच्या मागे होती. तरीही तिला उत्तर द्यायला त्यांनी दाखले घेतले ते निसर्गातलेच. वाकड्या उसाचा रस वाकडा नसतो, वळणाच्या नदीचे पाणीही नाही. मग वरच्या रूपावर भुलायचे कशाला, असा त्यांचा सवाल. रानाने त्यांचा विटाळ फेडला नाही, पण त्याविरुद्ध युक्तिवाद मात्र पुरवला.

शरीरप्रतिमा ही आजची कल्पना चौदाव्या शतकावर लादली, असा आक्षेप इथे येईल. शब्द नवा आहे, हे खरे. पण शरीर पाहून माणसाची किंमत ठरवणे जुने आहे, आणि चोखोबांचा रोख नेमका त्यावरच होता. त्यामुळे कुणाला रानात जायचा सल्ला देण्याआधी त्याच्यावर कुणाची नजर आहे, हे विचारायला हवे. चोखोबांवरची नजर तर मरणानंतरही हटली नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना 1338 मध्ये ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. त्यांच्या समाजाला आतले दार उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 मध्ये.