बँकेतील कारकून आणि रात्रीचा कारखाना



“नोकरीवर लाथ मारली आणि धंद्यात उडी घेतली” हे वाक्य उद्योगपतींच्या चरित्रांत इतक्या वेळा येते की, त्या उडीतच सारा पुरुषार्थ साठविला आहे असे वाचकास वाटू लागते. आपल्या पांढरपेशा घरांत या वाक्याने दोन तऱ्हेचा अनर्थ केला आहे. कोणी उत्साहाच्या भरात राजीनामा देतो आणि वर्षाच्या आत घरातील दागिने गहाण टाकतो. कोणी त्या उडीच्या धास्तीने आपली कल्पना पेन्शन मिळेपर्यंत मनातल्या मनात बाळगून बसतो. आज मी ज्या गृहस्थाची हकीकत आपणांपुढे मांडणार आहे, तो या दोहोंपैकी कोणत्याच वाटेने गेला नाही. कोडॅक कॅमेऱ्याचा जनक म्हणून ज्याचे नाव पुढे जगभर झाले, तो जॉर्ज ईस्टमन होय.

ईस्टमनचा जन्म १८५४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. वडील रॉचेस्टर गावी व्यापारी शिक्षणाची शाळा चालवीत; ते १८६२ साली वारले. मागे आई, मुली आणि हा एकुलता एक मुलगा. आईने घरात पैसे देऊन राहणारी माणसे ठेवून संसार रेटला. मुलाने चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडली आणि एका विमा कंपनीच्या कचेरीत आठवडी ३ डॉलरवर निरोप्याचे काम धरले. १८७४ साली तो रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कनिष्ठ कारकून झाला, तेव्हा त्याचा पगार आठवडी १५ डॉलरच्या आसपास गेला. अशा मुलास धाडसाचा उपदेश करणे सोपे असते. घरची चूल त्याच्याच पगारावर पेटते, याचा विसर पडला म्हणजे तर ते फारच सोपे होते.

छायाचित्रणाकडे तो वळला तो जवळजवळ योगायोगाने. १८७७-७८ च्या सुमारास त्याने सांतो दोमिंगोच्या प्रवासाचा बेत केला. एका सहकाऱ्याने सुचविले की, प्रवासाची छायाचित्रे काढून आणावीत. प्रवास राहून गेला, पण सामान घरी आले. ते सामान म्हणजे एक बिऱ्हाडच होते: भली मोठी पेटी, तिचा तिपायी घोडा, तंबू, औषधांच्या बाटल्या, पाण्याचे भांडे आणि जड काचा. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत छायाचित्र घेण्याच्या ऐन वेळी काचेवर द्राव चढवावा लागे आणि तो ओला असतानाच सारे उरकावे लागे. म्हणून छायाचित्रकाराला आपली काळोखी खोली पाठीवर वाहून न्यावी लागे. ही विद्या शिकण्यासाठी ईस्टमनने ५ डॉलर मोजले आणि तिचा जाच किती आहे हे तो प्रथम शिकला.

इंग्रजी छायाचित्रण-मासिकांतून त्याला कळले की, विलायतेतील काही लोक जिलेटिनचा लेप देऊन कोरड्या काचा तयार करीत आहेत. त्या आधी करून ठेवाव्यात आणि सवडीने वापराव्यात. झाले! बँक सुटली की हा कारकून आईच्या स्वयंपाकघरात मिश्रणे शिजवू लागला. आईने पुढे सांगितल्याप्रमाणे, कित्येक रात्री कपडे बदलण्याचेही त्राण त्याच्यात नसे. चुलीजवळ घोंगडी अंथरून तो तसाच झोपी जाई. हे चित्र मोठे मनोवेधक आहे आणि चरित्रकार त्यावर लुब्ध होतात यात नवल नाही. परंतु जागरणे हौशी माणूसही करतो. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, काच साधली एवढ्याने ईस्टमनचे समाधान झाले नाही. तीच काच शेकड्यांनी, एकसारखी आणि स्वस्त करता येईल काय, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. काचांवर सारखा लेप चढविणारे यंत्र त्याने योजिले. १८७९ साली शिलकीतील पैसे काढून तो लंडनला गेला, कारण या धंद्याचे केंद्र तेव्हा तेथे होते. आणि तेथे त्याने यंत्राचे पेटंट मिळविले. अमेरिकेतील पेटंट १८८० च्या एप्रिलात हाती आले. त्याच महिन्यात त्याने स्टेट स्ट्रीटवर एका इमारतीचा तिसरा मजला भाड्याने घेतला. एक जुने एंजिन १२५ डॉलरना मिळाले. गरज एका अश्वशक्तीची, आणि हे होते दोन अश्वशक्तीचे. धंदा वाढून एंजिनाला गाठील अशी आशा धरून त्याने ते घेतले.

या सर्व काळात तो बँकेत नियमाने कामावर जात होता. स्वयंपाकघरात त्याने आपल्या बुद्धीची परीक्षा घेतली; पण परक्या माणसाच्या खिशाची परीक्षा अद्याप व्हावयाची होती. ती १८८० सालीच झाली. छायाचित्रणाच्या मालाची अमेरिकेतील अग्रगण्य पेढी असलेल्या न्यूयॉर्कच्या अँथनी कंपनीने त्याच्या काचा विकण्याचे पत्करले. दुसरी परीक्षा घरातच झाली. आईच्या घरी राहणाऱ्या मंडळींत हेन्री स्ट्राँग नावाचा, घोडागाडीचे चाबूक बनविणारा एक कारखानदार होता. हा मुलगा रात्री काय करतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. त्याने भांडवल घातले आणि १ जानेवारी १८८१ रोजी ईस्टमन ड्राय प्लेट कंपनी सुरू झाली. तरीही राजीनामा नाहीच!

तो आला सप्टेंबर १८८१ मध्ये. वरची जागा रिकामी झाली, ईस्टमनचा हक्क असताना ती एका संचालकाच्या नातलगास मिळाली, आणि ईस्टमनने बँक सोडली. अपमान हे निमित्त खरे, पण तोपर्यंत कंपनी आठ महिन्यांची झाली होती आणि तिचा माल बाजारात खपत होता. रुसून घरी बसण्याची पाळी त्याच्यावर आली नाही ती यामुळे.

आपल्याकडील एका चरित्रात नेमका हाच प्रसंग यावा हे कुतूहलाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ साली झाला असे मानतात. ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला तेही हेच साल. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावी धाडीत. तेथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकीत. सायकल चालविण्यास शिकविण्याची फी १५ रुपये असे. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावी गेले. ज्या दुकानात ते गेले ते आधीच चालू होते. रामूअण्णांसारखा घरचा माणूस पेठेत बसलेला असणे, याची किंमत आपण चरित्रे वाचताना फार कमी लावतो. स्ट्राँग हा ईस्टमनचा रामूअण्णाच म्हणावयाचा!

आता पुन्हा रॉचेस्टरकडे वळू. कारण गोष्ट राजीनाम्यापाशी थांबविली तर ती खोटी होईल. १८८२ साली काचांविषयी तक्रारी येऊ लागल्या. दुकानात पडून राहिलेल्या काचा मंदावतात हे उघडकीस आले. असला दोष कळण्यास काळच जावा लागतो. रात्रीच्या चार घटकांत तो कळण्यासारखा नव्हता. ईस्टमनने काचा परत घेतल्या आणि नव्या दिल्या. इतक्यात दुसरे संकट आले. तेच कृतिपत्र, तेच यंत्र, तोच माणूस, आणि काचा मात्र साधेनात! पाठीशी बँकेचा पगार नव्हता आणि प्रयोगामागून प्रयोग फसत होते. शेवटी ईस्टमन आणि स्ट्राँग जहाजाने इंग्लंडला गेले आणि न्यूकॅसलच्या मॉसन अँड स्वान या कारखान्यात राहून त्यांनी काम पाहिले. दोष जिलेटिनमध्ये होता. कृती बदलली, जिलेटिन बदलले, कारखाना पुन्हा सुरू झाला.

एक जिलेटिन चांगले आणि दुसरे वाईट का, याचा उलगडा होण्यास मात्र १९२५ साल उजाडले. कोडॅकच्याच प्रयोगशाळेतील सॅम्युअल शेपर्ड याने दाखवून दिले की, जिलेटिनातील गंधकयुक्त द्रव्यांच्या अत्यल्प अंशामुळे काच प्रकाशाला तत्पर होते. ज्या गुरांच्या कातड्या-हाडांपासून जिलेटिन काढीत, त्या गुरांच्या चाऱ्यात मोहरीच्या जातीच्या वनस्पती असत. तो अंश तेथून आलेला होता.