मैकलचे प्रवासी

सातपुड्याची रांग पूर्वेकडे जिथे संपते तिथे मैकलचे डोंगर उभे आहेत. अमरकंटक हे त्यांचे पवित्र टोक. सुमारे हजार मीटर उंचीच्या या पठारावरून नर्मदा पश्चिमसागराकडे निघते, तर तेथेच ज्याचा उगम दाखवतात तो शोण नद उत्तरेकडे वळून गंगेला मिळतो. पठाराच्या खाली मंडला, दिंडोरी, बालाघाट आणि छत्तीसगडातील कवर्धा या भागांत सालवृक्षांचे अरण्य पसरले आहे. बंजर आणि हालोन या नद्या त्यातून वाहतात. गोंड, बैगा आणि परधान हे येथले रहिवासी. वाघ, गवा आणि बाराशिंगा हेही येथलेच.

या मुलखात बाहेरचा माणूस आज प्रामुख्याने दोन वाटांनी येतो. एक वाट परिक्रमावासीयांची. नर्मदेला उजव्या हाताशी ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता चालणाऱ्या या यात्रेकरूंत मराठी माणसांची संख्या नेहमीच मोठी असते. दुसरी वाट कान्हा राष्ट्रीय उद्यानाची. पहाटेच्या थंडीत उघड्या जीपमधून निघालेला पर्यटक तिने जातो. त्याला वाघ पाहायचा असतो. पहिल्याला तपोभूमी हवी असते, दुसऱ्याला अस्पर्श अरण्य. दोघांचीही अपेक्षा एका बाबतीत सारखी आहे. आपण जिथे आलो तिथे काळ फारसा पोहोचलेला नाही, असे दोघांनाही वाटत असते. मैकलच्या गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या समजुतीला छेद देतो.

हा प्रदेश इतिहासाबाहेरचा कधीच नव्हता. राणी दुर्गावतीने १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना प्राण दिले ते गढा-मंडल्याचे गोंड राज्य याच परिसरातले. १७८१ मध्ये ते सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात पडले. राज्ये बदलली तरी डोंगरातल्या बैगाला त्याची झळ फारशी लागली नाही. कारण त्या राज्यांचा महसूल नांगराखालच्या सपाट जमिनीतून येत होता आणि बैगा नांगर धरीत नव्हता. जंगलालाच किंमत आली तेव्हा ही स्थिती पालटली.

लोहमार्गाच्या रुळांखाली घालायच्या लाकडी ओंडक्यांसाठी सालासारखे दुसरे लाकूड जवळपास नव्हते. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि लगोलग जंगलांची पाहणी सुरू झाली. त्या पाहणीसाठी फिरलेल्या अधिकाऱ्यांपैकी कॅप्टन जेम्स फोरसाइथ याचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले. शिकार, भूगोल, वनस्पती आणि लोकजीवन यांची त्यात जी गुंफण आहे ती आजही वाचकाला धरून ठेवते. फोरसाइथ कोरडा अधिकारी नव्हता. डोंगरांवर त्याचे प्रेम होते आणि बैगांच्या अरण्यज्ञानाची त्याला जाण होती. पण ज्या कुऱ्हाडीच्या कौशल्याचे कौतुक वाटावे तीच कुऱ्हाड त्याला जंगलाचा नाश करणारी दिसत होती. पुढल्या काळातल्या बहुतेक प्रवाशांच्या आणि शासकांच्या दृष्टीत हे द्वंद्व कायम राहिले.

वादाचा विषय होता बेवर. डोंगरउताराचा एखादा तुकडा निवडून त्यावरची झाडे तोडायची, उन्हाळाभर ती वाळू द्यायची, पावसाच्या तोंडावर पेटवून द्यायची आणि राखेत कोदो-कुटकीसारखे धान्य फेकायचे, ही बैगांची शेती. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून पुढे जायचे. सोडलेल्या जागी पुन्हा रान उगवे. यामागे श्रद्धा होती. बैगांच्या उत्पत्तिकथेत भगवान नंगा बैगाला बजावतो, की धरती तुझी आई आहे, तिची छाती नांगराने फाडू नकोस. बैगा हा गोंडांच्या गावांचाही पुजारी होता. शिवारावर संकट आले, कोणी वाघाच्या तोंडी गेला, तर मृताचा आत्मा शांत करायला बैगालाच बोलावीत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात या विधींची नोंद केली आहे. अरण्य आणि वस्ती यांच्या सीमेवरचा रखवालदार, असे त्याचे स्थान होते.

वनखात्याने बेवर हळूहळू बंद करीत आणली. कुऱ्हाड थांबली तशी उपासमार सुरू झाली आणि बैगांनी सरकारकडे केलेले अर्ज दप्तरात साचू लागले. अखेर १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात सुमारे २४,००० एकरांचा एक तुकडा बेवरीसाठी राखून देण्यात आला. त्याचे नाव बैगाचक. ज्यांच्या फिरण्याला डोंगररांगांखेरीज हद्द नव्हती त्यांना आखून दिलेला हा चौकोन होता. शेजारच्या बंजर खोऱ्यातील जंगल १८७९ मध्येच राखीव झाले होते. कागदावर पाहता सरकारने दोन क्षेत्रे आखली, एक माणसांसाठी आणि एक झाडांसाठी. माणसे आणि झाडे तोवर अशी वेगळी राहिली नव्हती.

या पार्श्वभूमीवर मैकलमध्ये दोन वेगळे प्रवासी आले. व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा विद्वान धर्मोपदेशक १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाला, गांधीजींच्या प्रभावाखाली आला आणि जमनालाल बजाज यांच्या सूचनेवरून गोंडांमध्ये काम करण्याचे त्याने ठरवले. पुण्याच्या आश्रमातच त्याला शामराव हिवाळे हा मराठी तरुण भेटला. जानेवारी १९३२ मध्ये दोघे अमरकंटकच्या पायथ्याजवळच्या करंजिया गावी पोहोचले. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान अशी कामे सुरू झाली. लोक एल्विनला ‘बडा भाई’ आणि हिवाळ्यांना ‘छोटा भाई’ म्हणू लागले. पुढे त्यांचा मुक्काम पाटनगढ येथे हलला. एल्विनचे नाव जगभर झाले. हिवाळे मात्र त्याच्या चरित्रातले दुय्यम पात्र होऊन राहिले, तेही त्यांच्या स्वतःच्या भाषेत. गोंडांचे भाट आणि वंशावळीचे जाणते असलेल्या परधानांवर त्यांनी लिहिलेला, १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ मराठी अभ्यासकाने अवश्य उघडून पाहावा असा आहे. ज्यांच्यात राहिले त्यांच्याविषयी लिहिण्याचा हा एक नमुना आहे. आलेल्याने पाहून जाण्याचा नव्हे.

एल्विनचा ‘द बैगा’ हा प्रचंड ग्रंथ १९३९ मध्ये आला. त्यात त्याने एक सूचना केली. बैगांसाठी एक प्रकारचे ‘राष्ट्रीय उद्यान’ करावे, तेथे त्यांना आपल्या रीतीने शेती, शिकार आणि मासेमारी करू द्यावी, सावकार, ठेकेदार आणि दलाल यांना तेथे थारा नसावा. सूचनेमागे कळवळा होता. शब्द मात्र दुर्दैवी निघाला. माणसांना संग्रहालयात ठेवायचे काय, असा प्रश्न देशभर विचारला गेला. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे निघालेल्या आपल्या पुस्तकात या भूमिकेचा कठोर प्रतिवाद केला. आदिवासी हे हिंदू समाजाचेच मागे राहिलेले अंग आहेत आणि त्यांना वेगळे काढणे घातक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वाद भारतीय समाजशास्त्राच्या पाठ्यक्रमात आजही शिकवला जातो. एल्विनने पुढे आपली भूमिका सौम्य केली आणि ‘राष्ट्रीय उद्याना’ची कल्पना मागे पडली.

ती मागे पडली, पण शब्द परत आला. १९३३ मध्ये अभयारण्य झालेल्या बंजर खोऱ्याच्या भागात १९५५ मध्ये खास कायदा करून कान्हा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश झाला आणि आज त्याचे गाभाक्षेत्र ९४० चौरस किलोमीटर आहे. एल्विनने ज्या मुलखात बैगांसाठी उद्यान मागितले होते त्याच मुलखात उद्यान झाले; पण ते वन्य प्राण्यांसाठी, आणि त्याची सीमा वाढत गेली तसतसे बैगा आणि गोंड तिच्याबाहेर गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वीसहून अधिक गावे गाभाक्षेत्रातून उठवण्यात आली. १९३९ च्या वादात एल्विन आणि घुर्ये यांच्यापैकी कोणालाही हा शेवट सुचला नव्हता. माणसांना अलग ठेवावे की समाजात मिसळू द्यावे, यावर ते झगडत होते. त्यांना त्यांच्या जागेवरूनच हलवले जाईल, हा पर्याय चर्चेत नव्हता.

याची दुसरी बाजू तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी. मध्य भारताच्या कठीण जमिनीवर राहणारी बाराशिंग्याची जात जगात जवळजवळ फक्त कान्ह्यातच उरली होती आणि १९७० च्या गणतीत तिची संख्या ६६ पर्यंत खाली आली होती. हा प्राणी गवतावरच जगतो आणि त्याची पाडसे उंच गवतातच सुरक्षित राहतात. सोंफ नावाचे गाव उठवल्यावर त्याच्या ओसाड शेतांवर उंच गवत माजले आणि तेथे बाराशिंगा पुन्हा स्थिरावला. संरक्षक कुंपण, शिकारीवरचे निर्बंध आणि वणव्यांचे नियमन यांची त्याला जोड मिळाली. आज ही संख्या हजाराच्या घरात आहे आणि २०१५ पासून कान्ह्यातले बाराशिंगे सातपुड्याच्या अन्य जंगलांत नेऊन सोडले जात आहेत. भारतातील वन्यजीवसंरक्षणाचे एवढे निःसंदिग्ध यश विरळाच.

परंतु या यशातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. सालाच्या गर्द रानात मधूनच उघडणारी ती सोनेरी गवताळ मैदाने पाहून पर्यटक स्तब्ध होतो आणि त्याला आदिम निसर्ग म्हणतो. त्यांतील अनेक मैदाने जुन्या गावांची शिवारे आहेत. तेथे कोणी तरी रान मोकळे केले होते, गुरे चारली होती, कोदो पेरले होते. बाराशिंग्याला लागणारे गवत ज्या मोकळ्या जमिनीवर उगवले ती मोकळी करणाऱ्यांची कुळे आता उद्यानाच्या हद्दीबाहेर आहेत. काही जण पर्यटकांसाठी जीप हाकतात, काही वाटाडे झाले आहेत, अनेक मजुरीसाठी दूर जातात. ज्याला अस्पर्श म्हणतात त्यावर त्यांच्या हातांचा स्पर्श आहे, एवढी ओळखसुद्धा वाटेवरच्या पाट्यांतून सहसा होत नाही.

अलीकडे या इतिहासाची दखल कायद्याने घेतली आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्यात, आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे प्रास्ताविकातच मान्य करण्यात आले. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी दिंडोरी जिल्ह्यातील बैगाचकमधल्या काही गावांच्या बैगांचा आपल्या अधिवासावरील सामूहिक हक्क मान्य झाला. १८९० मध्ये आखलेल्या चौकोनाला सव्वाशे वर्षांनी हक्काचे रूप आले. हक्काचा कागद आणि हक्काचा वापर यांत अंतर असतेच, आणि ते येथेही आहे. तरीही मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रथमच बैगांच्या बाजूने लिहिले गेले.

शेवटी एका उलट प्रवासाची नोंद करणे अगत्याचे आहे. पाटनगढ हे हिवाळे आणि एल्विन यांचे गाव; जनगढसिंह श्याम या परधान चित्रकाराचेही तेच. १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनाने त्याची कला जगापुढे आणली आणि वंशावळी गाणाऱ्या परधानांनी आपला वारसा रंगांत मांडायला सुरुवात केली. त्याच्याच कुळातला भज्जू श्याम २००२ मध्ये एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी लंडनला गेला. परत आल्यावर त्याच्या चित्रांचे ‘द लंडन जंगल बुक’ हे पुस्तक २००४ मध्ये निघाले. किपलिंगने शिवनीच्या जंगलाची कथा दूर राहून लिहिली होती. भज्जू श्याम लंडनला प्रत्यक्ष गेला, राहिला, आणि मग त्याने ते शहर आपल्या रानाच्या नजरेने चित्रित केले. तेथील मोठ्या घड्याळाचा त्याने बांग देणारा कोंबडा केला, कारण गावात वेळ कोंबडाच सांगतो. भुयारी रेल्वे त्याला जमिनीखालून जाणाऱ्या गांडुळासारखी दिसली. मैकलविषयी दीडशे वर्षे बाहेरच्यांनी लिहिले. येथून मैकलचा माणूस बाहेर गेला, त्याने जग पाहिले, आणि आपण जे पाहिले त्याला त्याने आपल्याच गावातली नावे दिली.