पाटलाची खुर्ची

1853 हे वर्ष यवतमाळच्या कारभाराचा मागोवा घेताना सोडता येत नाही. मे महिन्यात निजामाने यवतमाळसह वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सनदी नोकऱ्या डायरेक्टरांच्या वशिल्यातून काढून स्पर्धा परीक्षेवर सोपवल्या. पहिली परीक्षा 1855 साली लंडनमध्ये झाली. साहेबाची खुर्ची गुणांवर गेली. गावच्या पाटलाची मात्र वंशावळीवरच राहिली, आणि तीही आणखी शंभरावर वर्षे.

इंग्रजांनी देशमुख-देशपांड्यांना कामातून मोकळे केले. हक्काची रक्कम चालू ठेवली, अधिकार काढले. पाटलाला हात लावला नाही. शेत कोणाचे, धुरा कुठला, सारा कोणाकडे थकला, हे त्याच्याशिवाय सांगणार कोण? शिवाय वसुलीतल्या हिश्शावर भागत असल्याने तो स्वस्तही पडे. वारस अज्ञान असेल तर बदली माणूस काम पाही, वतन घरातच राही. 1900 साली वऱ्हाडातल्या पाटील-पटवाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करून ही रीत पक्कीच केली.

अमेरिकेचे दुखणे नेमके उलटे होते. तिथे निवडणुकीगणिक नोकऱ्या बदलत. 1881 साली नोकरी न मिळालेल्या एका इच्छुकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा कुठे नोकऱ्या परीक्षेवर नेणारा 1883 चा पेंडलटन कायदा आला. तिकडची खुर्ची फार सैल, इकडची फार घट्ट. माझ्या मते घट्ट खुर्चीच जास्त चिवट.

इकडची खुर्ची हलायला साठचे दशक उजाडावे लागले. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1960 मध्ये राज्याचे महसूलमंत्री होते. त्यांच्या समितीच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली. दप्तर तलाठ्याकडे आले; आपल्याकडे लोक अजून त्याला पटवारीच म्हणतात. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने गावचे पोलिसी काम पाहणारा पोलीस पाटीलही वारशाऐवजी नेमणुकीचा झाला.

आज ते पद लेखी आणि तोंडी परीक्षेने भरतात, आरक्षण आहे, बायाही पोलीस पाटील आहेत. पण भरतीच्या जाहिरातीतली एक अट वाचून पाहा: दोन उमेदवारांना समान गुण पडले, तर पहिले प्राधान्य पोलीस पाटलाच्या वारसाला.