एदलाबादच्या वाटेवर एकटे

जानेवारी 1939. रात्रीचे नऊ वाजलेत, पौषाची अमावास्या दोन दिवसांवर आली आहे आणि नागपुरात सीताबर्डीवर तुम्ही एका जुन्या फोर्डमध्ये बसला आहात. खाकी कोट, कानटोपी, पायात जाड बूट असा सगळा पोशाख त्या काळाचा. अपुरी झोप मात्र तुम्ही आपल्या काळातून बरोबर आणली आहे.

बरोबर येणारा वकील मित्र ऐनवेळी कोर्टाच्या तारखेत अडकला. म्हणून मोटारीत तुम्ही एकटेच. मागच्या बाकावर घोंगडीत गुंडाळलेली बारा बोअरची दुनळी, काडतुसांची पेटी, पेट्रोलचे दोन डबे आणि भाकरी-चटणीची शिदोरी. पुढच्या बाजूला टांगलेल्या छागलेतून पाणी ठिबकतंय. या फोर्डची पेट्रोलची टाकी थेट तुमच्या गुडघ्यांसमोर, काचेच्या खाली असते, त्यामुळे खड्डा आला की पेट्रोल डचमळतं ते ऐकू येतं. पहिल्या दहा मैलांत या आवाजाची धास्ती वाटते, पुढे तोच सोबतीला उरतो.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. स्टिअरिंगखालची ठिणगीची दांडी आधी वर सारा. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबा, नाहीतर करकर अख्ख्या बर्डीला ऐकू जाईल.

बुटीबोरी मागे पडते. हिंगणघाटच्या आसपास गाड्यांची रांग लागते, कारण हंगाम कापसाचा आहे. जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्यांवर कापूस इतका उंच भरलाय की तुमच्या पिवळ्या, मिणमिणत्या दिव्यात भिंतच चालत आल्यासारखी दिसते. आधी दिसतात बैलांचे हिरवट डोळे, मग जू, आणि मग वर कापसात गाढ झोपलेला गाडीवान. त्याचा हेवा करून घ्या. तो झोपला तरी बैल वाट सोडत नाहीत. फोर्डला ती अक्कल नाही.

एकट्याच्या लांब प्रवासाची खरी गोष्ट इथूनच सुरू होते. शिकारकथांत मचाण असतं, हाका असतो, वाघाची डरकाळी असते. मचाणापर्यंत माणूस पोचला कसा, हे कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते बहुतेक शिकाऱ्यांच्या जिवाला धोका वाघापेक्षा या रस्त्यावरच जास्त होता. ताशी 30 मैलांच्या वेगात चार सेकंदांची डुलकी लागली तर मोटार पावणेदोनशे फूट आपल्या मनाने जाते. एवढ्या अंतरात एक नाला, दोन बाभळी आणि एक झोपलेला गाडीवान सहज मावतो.

जागं राहायला तुम्ही काय करता? मैलाचे दगड मोजता. सुपारी दाढेत धरता. नाट्यपदं म्हणता, आधी नीट सुरात, नंतर ओरडून. काच उघडून थंडी तोंडावर घेता. वर्धा नदी ओलांडल्यावर थांबून छागलेतलं पाणी डोळ्यांवर मारता. हे सगळं पाच-दहा मिनिटं चालतं. मग मैलाचा दगड दोनदा मोजला जातो, पदाचं कडवं मधेच हरवतं, आणि मागचे चार मैल कसे आले ते आठवत नाही. तुम्ही आपल्या काळातून आला आहात, तेव्हा हे तुम्हाला माहीत आहे: रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात शरीर झोप मागतंच, आणि झोपेला झोपेखेरीज उतारा नाही. चहा-कॉफीचा परिणाम व्हायलाही अर्धा तास लागतो. पण 1939 मधल्या त्या खाकी कोटात एक हट्टही शिवलेला आहे. थांबणं म्हणजे हार, असं त्याला वाटतं.

तरीही पांढरकवड्याच्या अलीकडे थांबा. मोटार रस्त्याच्या कडेला चिंचेखाली घ्या, इंजिन बंद करा, घोंगडी ओढा. वीस मिनिटं.

याच पट्ट्यातून, बरोबर ऐंशी वर्षांनी, दुसरा एक एकटा प्रवासी निघणार आहे. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ 2019 मध्ये बाहेर पडेल, आदिलाबादच्या बाजूला उतरेल, पुन्हा महाराष्ट्रात येईल आणि 1,300 किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचेल. रात्री चालणार, दिवसा झुडपात पडून राहणार. तोवर 1972 च्या कायद्याने तुमच्या मागच्या बाकावरच्या दुनळीला या जंगलात काही काम उरलेलं नसेल.

उठा. वीस मिनिटांची चाळीस झालीत, हरकत नाही.

पाटणबोरी गेली, पैनगंगा ओलांडली की राज्य बदलतं. करोडगिरीच्या नाक्यावर कंदील हलतो. जवान कांबळ्यातून तोंड बाहेर काढून बंदुकीचा कागद मागतो, काडतुसं मोजतो, पेट्रोलचे डबे हुंगतो. इथे चालतो निजामाचा हाली सिक्का. शंभर कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये दिले तर सुमारे 116 हाली मिळतात, आणि पहाटे चार वाजता हा हिशोब करायला लागणं ही जागं राहण्याची फार उत्तम युक्ती आहे. जवान उर्दूत विचारतो, तुम्ही मोडक्या उर्दूत सांगता, मग तो मराठीत म्हणतो, "जपून जा, साहेब."

एदलाबाद, म्हणजे आजचं आदिलाबाद, झोपलेलं आहे. गुडीहत्नूरला डावीकडे वळलात की रस्ता संपून गाडीवाट लागते. धुळीत बसलेले रातवे दिव्याच्या झोतात माणकासारखे डोळे दाखवतात आणि चाकाखाली येता येता उडतात. इंद्रवेल्लीच्या बाजूला पुन्हा बैलगाड्या लागतात, पण यांत कापूस नाही. बायका, पोरं, चुली, कोंबड्या, मडकी. सगळ्या एकाच दिशेने चालल्यात, केसलापूरकडे. मेस्राम कुळाचे गोंड हस्तिनमडुगूहून गोदावरीचं पाणी झारीत घेऊन अनवाणी परतलेत. ते आता वडाखाली उतरलेत, आणि अमावास्येच्या रात्री त्याच पाण्याने नागोबाची पूजा होणार आहे. तुम्ही हॉर्न वाजवता. गाड्या निमूटपणे बाजूला होतात. मोटारवाला साहेब म्हणजे सरकार, एवढं त्यांना पुरतं. याच डोंगरांत राखीव जंगलाच्या रेषा ओढून त्यांची शेतं उठवलीत, आणि ज्या झाडीत तुम्ही परवाना दाखवून शिराल तिथे सरपण नि चराईसाठी त्यांना पैसे मोजावे लागतात. पुढच्या वर्षी, 1940 मध्ये, जल-जंगल-जमीन मागणारे गोंड नेते कोमराम भीम जोडेघाटला पोलिसांच्या गोळीला बळी पडतील. आज रात्री ते जिवंत आहेत, तुमच्यापासून फार दूरही नाहीत.

उजाडता उजाडता उटनूरपुढच्या गुड्यात, म्हणजे गोंडांच्या पाड्यात, पोचता. रेडिएटर उकळतोय, हात थरथरताहेत. मोटारीतून उतरल्या उतरल्या बंदूक हातात घेण्याची ही वेळ नव्हे. रात्रभर गाडी हाकलेल्या माणसाला झुडपामागे हललेला हाकारा आणि रानडुक्कर यांतला फरक कळेलच असं नाही. जुने जाणते शिकारी पहिला दिवस झोपेलाच देत. पण खाकी कोटाला घाई आहे. म्हातारा पटेल अंगणात शेकोटीशी बसलाय.

"पटेल, हाकारे जमवले का? निरोप पोचला होता ना?"

"पोचला, मालक." तो उठतो, तुम्हाला बसायला बाज पुढे सरकवतो. "पण समदे नागोबाले गेले. हाका कोण करन?"

तुम्ही गुड्यावर नजर टाकता. एक म्हातारी, दोन वासरं, बंद दारं.

"कधी परततील?"

"जत्रा सरन तवा. पाच-सात दिस."

रात्रभर एकट्याने मोटार आणली, याचा तुम्हाला आत्ताआत्तापर्यंत अभिमान होता. तीस माणसांनी रान उठवल्याशिवाय तुमची दुनळी घोंगडीतून बाहेर निघत नाही, हे पटेल काही बोलत नाही. तो शेकोटीवर पाणी ठेवतो. तुम्ही टाकीचा काटा बघता. डब्यांपैकी एक रिकामा आहे.

"पेट्रोल इथं कुठं मिळेल?"

"थे एदलाबादलेच भेटन," पटेल म्हणतो. "आधी झोपा, मालक."