पदचिन्हे : ओळख व बनावट

चालणाऱ्या अथवा पळणाऱ्या प्राण्याच्या पायाचा माती, वाळू, चिखल वा बर्फ यांवर उमटणारा ठसा म्हणजे पदचिन्ह होय. अशा ठशांची सलग ओळ मिळाल्यास तिला माग असे म्हणतात. ठसा व माग यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. ठशावरून पायाचा आकार कळतो. मागावरून चाल कळते. बनावट पदचिन्हांच्या इतिहासात आकाराची नक्कल करणारे पुष्कळ होऊन गेले. चालीची नक्कल मात्र फार थोड्यांना साधली.

वाघ, बिबट्या इ. मांजर कुलातील प्राण्यांच्या ठशात चार बोटे व एक मोठी गादी दिसते. नखे आत ओढून घेतलेली असल्यामुळे ती सहसा उमटत नाहीत, आणि गादीच्या मागील कडेला तीन उंचवटे असतात. कुत्रा, लांडगा व कोल्हा यांचा ठसा लांबट असून त्यात नखे स्पष्ट दिसतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो. अस्वलाच्या मागच्या पायाची टाच जमिनीला टेकते व पाचही बोटे उमटतात. त्यामुळे तो ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा भासतो. या साम्याने पुढे बरेच घोटाळे केले आहेत. हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा परीघ दुप्पट केला असता त्याची खांद्यापर्यंतची उंची साधारणपणे मिळते. हे सर्व नियम चांगल्या जमिनीवरचे होत. एकाच वाघाचा पंजा बारीक धुळीत, ओल्या वाळूत आणि पातळ चिखलात निरनिराळ्या मापाचा उमटतो. ठसा जितका प्राण्याचा, तितकाच तो जमिनीचाही असतो.

भारतात हे ज्ञान चोरीच्या तपासासाठी वापरले गेले. पंजाब व सिंध या भागांत खोजी आणि कच्छ-गुजरातेत पगी हे चोरीस गेलेल्या गुरांचा माग काढीत. माग चुकविण्याची युक्तीही तितकीच जुनी आहे. हर्मीस देवाने अपोलोची गुरे उलटी चालवीत नेली आणि स्वतःच्या पायांना डहाळ्यांच्या विचित्र वहाणा बांधल्या, अशी कथा प्राचीन ग्रीक स्तोत्रात आहे. ते ठसे मनुष्याचे, लांडग्याचे, अस्वलाचे की सिंहाचे, हे अपोलोला ठरविता आले नाही. सराईत माणसाला मात्र उलटी चाल ओळखता येते. कारण उलटे चालताना पावले आखूड पडतात आणि पायाचा भार वेगळ्या जागी पडतो. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात (१९२०–३३) चोरटी दारू गाळणारे लोक बुटांच्या तळाला गाईच्या खुरासारखे लाकडी ठोकळे बांधीत. खूर हुबेहूब असे. पण ती गाय दोन पायांची होती.

पदचिन्हांचा शास्त्रीय अभ्यास जीवाश्मांपासून सुरू झाला. स्कॉटलंडमधील वालुकाश्मात सापडलेल्या ठशांचा उलगडा करण्यासाठी विल्यम बकलंड या भूवैज्ञानिकाने १८२८ च्या सुमारास जिवंत कासवांना मळलेल्या कणकेवरून चालविले व दोन्ही ठसे ताडून पाहिले. ही कल्पना हास्यास्पद वाटली, तरी तिच्यातील तत्त्व पक्के होते : ठशाचा अर्थ तर्काने न लावता चालणाऱ्या प्राण्याकडून लावून घ्यावा.

टेक्सस राज्यातील पॅलक्सी नदीच्या पात्रातील प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तेथील काही लोक चुनखडीतील डायनोसॉरचे ठसे कापून विकत असत. खरे ठसे पुरेनासे झाल्यावर काहींनी प्रचंड मानवी पावले दगडात कोरून विकली. असे कोरीव नमुने १९३८ मध्ये रोलंड बर्ड या जीवाश्म-संग्राहकाच्या पाहण्यात आले. ते बनावट असल्याचे त्याने ओळखले, तथापि त्यांचा उगम शोधीत तो पॅलक्सीपर्यंत पोहोचला आणि तेथे त्याला सॉरोपॉड गटातील महाकाय डायनोसॉरांचे अस्सल माग आढळले. कोरीव ठसा ओळखण्याची कसोटी सोपी आहे. खऱ्या ठशाखालील गाळाचे थर भाराने वाकलेले असतात. कोरलेल्या ठशात ते सुरीने कापल्यासारखे मध्येच तुटतात.

डिसेंबर १९३३ मध्ये ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने पाठविलेला शिकारी मार्मड्यूक वेदरेल याला स्कॉटलंडमधील नेस सरोवराच्या काठी मोठे ताजे ठसे ‘सापडले’. त्यांचे साचे लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे गेले आणि जानेवारी १९३४ मध्ये निर्णय आला : ठसे पाणघोड्याचे, तेही पेंढा भरून वाळविलेल्या पायाचे. सरोवरातील राक्षस एकाच पायाने चालत होता.

याहून अवघड प्रकरण फ्लॉरिडातील क्लिअरवॉटर येथील होय. फेब्रुवारी १९४८ मध्ये तेथील समुद्रकिनाऱ्यावर तीन बोटांच्या प्रचंड पावलांचा लांबलचक माग आढळला. आयव्हन सँडर्सन या प्राणिशास्त्रज्ञाने तेथे जाऊन पाहणी केली. ठशांची खोली व ढांगांची लांबी माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे असा त्याचा युक्तिवाद होता, व हे ठसे सु. १५ फूट उंचीच्या पेंग्विनाचे असावेत असा निष्कर्ष त्याने काढला. खुलासा १९८८ मध्ये झाला. टोनी सिन्योरिनी या स्थानिक रहिवाशाने प्रत्येकी सु. ३० पौंड वजनाचे लोखंडी पाय दाखविले. ते बुटांना बांधून, एक पाय मागेपुढे झुलवून तो लांब ढांग टाकीत असे; जड पायामुळे ठसा आपोआप खोल उमटे. चालीची नक्कल साधलेल्या थोड्यांपैकी हा एक. सँडर्सनने योग्य प्रश्न विचारले होते, पण ‘माणसाला अशक्य’ हे उत्तर त्याने करून न पाहताच स्वीकारले. बकलंडची कणीक येथे उपयोगी पडली असती. उत्तर कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे १९५८ मध्ये सापडलेल्या ज्या ठशांनी ‘बिगफूट’ हे नाव रूढ केले, त्यांबाबतही कंत्राटदार रे वॉलेस याच्या मृत्यूनंतर (२००२) कुटुंबीयांनी लाकडी पावले दाखविली.

फसवणुकीत नेहमी माणसाचाच हात असतो असे नाही. एरिक शिप्टनने १९५१ मध्ये मेन्लुंग हिमनदीवर छायाचित्रित केलेला ‘यती’चा ठसा जगभर गाजला. परंतु बर्फावरील ठसा उन्हाने वितळून पसरतो, आणि अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अंशतः पडल्यास दोहोंचा मिळून एक लांब ठसा बनतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यतीचे म्हणून जपलेल्या नऊ अवशेषांची जनुकीय तपासणी झाली. आठ अस्वलांचे व एक कुत्र्याचा निघाला.

भारताच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रकरणात एकही ठसा खोटा नव्हता. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये वाघाच्या मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवर रेखाटून प्रत्येक वाघ वेगळा ओळखण्याची पद्धत मांडली. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले, आणि १९७३ मध्ये मेळघाटसह नऊ क्षेत्रांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. चौधरी स्वतः निष्णात होते. पण त्यांची नजर हजारो वनरक्षकांना रेखाटनाबरोबर देता येण्यासारखी नव्हती. जमीन बदलली की एकाच वाघाचे दोन वाघ होत. के. उल्लास कारंथ यांनी या दोषांकडे वारंवार लक्ष वेधले, तरी गणना चालूच राहिली. राजस्थानातील सरिस्का येथे वाघ प्रत्यक्ष दिसल्याच्या नोंदी घटत असताना गणनेचा आकडा वर्षानुवर्षे पंचविसाच्या आसपास राहिला. २००४ मध्येही तो १६ ते १८ सांगितला गेला. २००५ च्या आरंभी तेथे एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले होते आणि कागदावरील ठसे त्यांच्या आड उभे होते.

यानंतर ठशांवरील गणना सोडून देण्यात आली. स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्रीय नमुना-पाहणी यांवर आधारलेला २००६ चा अंदाज १,४११ निघाला. २००१-०२ चा आकडा ३,६४२ होता. पद्धती भिन्न असल्याने दोहोंतील फरक म्हणजे मेलेले वाघ असे मात्र समजू नये. सरिस्कात २००८ पासून रणथंभोरचे वाघ आणून सोडण्यात आले. आजही गणनेच्या पहिल्या टप्प्यात वनरक्षक पायी हिंडून पंजाचे ठसे, विष्ठा व झाडांवरील ओरखडे नोंदवितात. त्यांवरून त्या भागात वाघ वावरतो की नाही एवढेच ठरविले जाते. वाघ किती, हे छायाचित्रांतील अंगावरच्या पट्ट्यांवरून मोजतात.